'स्वतः', 'टिळक' आणि 'भाई'

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आम्हांला भेटावयास आल्या. त्यांचे पती पूर्वी बोटीवर नोकरीला होते. वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर जात. घरी राहता यावे, मुले डोळ्यांसमोर वाढावीत, म्हणून त्यांनी बोट सोडली. माडाच्या बागेत कर्ज काढून पर्यटकांसाठी निवास-न्याहरीच्या चार खोल्या बांधल्या आणि जोडीला पाहुण्यांना खाडीत फिरविण्यासाठी एक होडी घेतली. आता ते बारा महिने घरात असतात. आणि घरात नसतात. "दारू नाही, मारझोड नाही, पैसा आणून हातात देतो," त्या म्हणाल्या, "मग फादर, तक्रार कसली करायची? पण जेवताना समोरासमोर बसून आम्ही दोन शब्द बोललो त्याला किती महिने झाले, ते मोजायचं मी सोडून दिलंय."

आम्ही तेव्हा जे केले ते बहुतेक धर्मगुरूंनी केले असते. संयमाचे चार शब्द सांगितले आणि आमच्या कपाटातून रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक काढून दिले. थोर माणसाच्या कामात पत्नीने कशी साथ द्यावी याचा हा वस्तुपाठ आहे, असेही वर बजावले. तीन आठवड्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आले. "पुस्तक बरां आसा, फादर," त्या म्हणाल्या. "पण त्या बायेक घोवाच्या कामात बसाक जागा तरी होती. माका ती खंय आसा?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या वाचनातले न्यून त्या भगिनीने एका वाक्यात दाखविले होते. म्हणून ते पुस्तक आम्ही पुन्हा वाचले आणि त्याच्या जोडीला मराठीतील आणखी दोन आत्मकथने वाचली : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' व सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी...'. तिन्ही पुस्तके कर्तृत्ववान पुरुषांच्या पत्नींनी लिहिली आहेत. कामात बुडालेल्या जोडीदाराबरोबर संसार कसा होतो, हा प्रश्न तिघींपुढेही होता. तिघींची उत्तरे मात्र वेगळी आहेत, आणि त्या उत्तरांची किल्ली तिघी आपल्या पतीचा उल्लेख कोणत्या शब्दाने करतात त्यात आहे, असे आम्हांला वाटू लागले आहे.

रमाबाईंचा विवाह १८७३ साली झाला. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९१० साली, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. त्याला प्रस्तावना नामदार गोखल्यांची. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही हा त्या काळचा शिष्टाचार. म्हणून रमाबाई साऱ्या पुस्तकात न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकर्तीने त्याच शब्दाचा इंग्रजी पर्याय, 'हिमसेल्फ', ग्रंथाचे नाव म्हणून घेतला. शिष्टाचार म्हणून आपण हा शब्द ओलांडून पुढे जातो. परंतु जरा थांबून पाहावे. मराठीत 'स्वतः' म्हणजे आपण, बोलणारी व्यक्ती. स्त्री आपल्या आयुष्याची कथा लिहावयास बसते आणि 'स्वतः' हा शब्द दुसऱ्याला देऊन टाकते! पुस्तकाच्या नावातही 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. आणि त्या 'आमच्या'तील बहुतेक जागा एकाच व्यक्तीने व्यापली आहे.

ती व्यक्ती कशी होती? न्यायाधीशाची नोकरी सांभाळून सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, १८८७ पासून सामाजिक परिषद, १८९० पासून औद्योगिक परिषद, अर्थशास्त्रावरील निबंध, आणि १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ. दृष्टी अधू असल्याने वर्तमानपत्रे, टपाल, पुस्तके पत्नीने वाचून दाखवावयाची. १८८६ च्या सुमारास सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यास मुक्काम पडला, तेव्हा न्यायमूर्ती बंगाली शिकू लागले. न्हाव्यापुढे दाढीला बसले असतानाही हातात बंगाली पुस्तक, आणि अडलेला शब्द विचारावयाचा तो त्या न्हाव्यालाच! हा प्रसंग आपण शाळेतल्या मुलांना उद्योगप्रियतेचा नमुना म्हणून सांगतो. आम्हीही प्रवचनात सांगितला आहे. आता वाचताना मात्र निराळाच विचार मनात आला. ज्या माणसाला दाढी होईपर्यंतची दहा मिनिटेही रिकामी ठेववत नाहीत, त्याच्या घरी पत्नीच्या वाट्याला कोणती दहा मिनिटे येत असतील?

याचे उत्तर रमाबाईंनी दिले आहे, तक्रार म्हणून नव्हे, कृतज्ञता म्हणून. त्यांच्या वाट्याला जो वेळ आला तो कामाच्या आतला होता. न्यायमूर्तींनी त्यांना लिहावाचावयास शिकविले, इंग्रजी शिकविले, दौऱ्यावर बरोबर नेले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया या शिक्षणावर रागावलेल्या. त्यांचे टोमणे सोसून रमाबाई शिकल्या आणि पतीचे डोळे झाल्या. वाचन हेच त्यांचे सहजीवन झाले. या अर्थाने त्यांनी प्रश्न सोडविला, असे म्हणावे लागेल. पण ते शक्य झाले ते कामात त्यांना बसावयास जागा होती म्हणून. आमच्या भगिनीने नेमके याच अटीवर बोट ठेवले होते. बोटीच्या इंजिनखोलीत, आखातातील तेलविहिरीवर, मुंबई-पुण्याच्या कचेरीतील संगणकापुढे किंवा रात्री अकरा वाजता खोलीची चौकशी करणाऱ्या पाहुण्याच्या फोनवर पत्नीला बसावयास जागा नसते. उलट, निवास-न्याहरीच्या धंद्यात तिला जागा मिळते ती चुलीपाशी. भाकऱ्या, सुरमईचे तुकडे, सोलकढी, पाहुण्यांच्या चादरी. पतीच्या अतिकामात तिचे अतिकाम मिसळते, आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. याला सहजीवन म्हणता येत नाही.

टीकाकाराच्या दृष्टीने 'आठवणीं'चा मोठेपणा त्यांतील सच्चेपणात आहे आणि मर्यादा त्यांतील भक्तीत आहे. भक्तीला प्रश्न विचारता येत नाही. पुस्तकाचा अखेरचा भाग न्यायमूर्तींच्या शेवटच्या आजाराचा आहे. प्रकृती ढासळल्यामुळे १९०० च्या डिसेंबरात लाहोरच्या सामाजिक परिषदेला त्यांना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ती पाने वाचताना कोणाचेही मन द्रवेल. पण 'आपण थांबावयास हवे होते' असे पत्नीने पतीला कधी निकराने सांगितले असेल, त्यावर रुसवा धरला असेल, तर तो रुसवा पुस्तकात उतरलेला नाही. आज या बाबतीत आकडे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे पक्षाघात व हृदयविकार जडून २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७,४५,००० माणसे दगावली. न्यायमूर्तींच्या मृत्यूचे निदान आम्ही एवढ्यावरून करू इच्छीत नाही. अतिकामाचे कौतुक करताना त्याची किंमत कोण मोजते हे विचारावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

'स्मृतिचित्रे' उघडताच हवा बदलते. लक्ष्मीबाई पतीला सरळ 'टिळक' म्हणतात. शेजारच्या माणसाबद्दल बोलावे तसे! या एका शब्दाने दोघांमध्ये बोलण्याइतके अंतर तयार होते. जवळच्या माणसाकडे नीट पाहावयासही थोडे अंतर लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मूळचे आपल्याच कोकणचे. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कविता, कीर्तने, 'ज्ञानोदया'चे लेखन, धर्मोपदेश यांत हा पुरुष असा बुडून जाई की घरात पीठ आहे की नाही याचे भान नसे. हाती आलेला पैसा गरजूंच्या हाती जाई आणि चूल लक्ष्मीबाईंपुढे उभी राही. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी दुरावली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही प्रभू येशूचा स्वीकार केला. त्या दुराव्याचे कारण धर्मांतर होते, अतिकाम नव्हते. दोहोंची गल्लत आम्ही करीत नाही. परंतु त्याच्या आधीचे आणि नंतरचे जे दैनंदिन ताण त्यांनी रंगविले आहेत ते थेट आपल्या विषयाचे आहेत.

टिळक जुगारात किंवा व्यसनात बुडालेले नव्हते. ते देवाच्या कामात बुडालेले होते. म्हणून हे पुस्तक ख्रिस्ती वाचकाला अधिक बोचावयास हवे. व्यसनी नवऱ्याविरुद्ध सारा गाव पत्नीच्या बाजूने उभा राहतो. देवकार्यात गढलेल्या नवऱ्याविरुद्ध ती बोलली तर तीच अश्रद्ध ठरते. लक्ष्मीबाई या पेचातून वाट काढतात ती विनोदाने. त्यांचा विनोद टिळकांना लहान करीत नाही, कारण त्याच प्रसंगात त्या स्वतःच्या अडाणीपणालाही तितक्याच मोकळेपणाने हसतात. भांडण होते, अबोला होतो, आणि हसू येऊन तो मोडतो. टिळक चुकले तेथे चुकले असे त्या लिहितात. थोर होते तेथे थोर असेही लिहितात. भक्तीला जे जमले नाही ते या विनोदाला जमले आहे. त्याने सत्य सांगितले आणि प्रेमही राखले. 'स्मृतिचित्रे' केवळ हसण्यासाठी वाचणाऱ्यांच्या हातून हे मर्म निसटते. अर्थात तिचीही एक मर्यादा आहे. टिळक १९१९ साली निवर्तले. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला. मधल्या पंधरा वर्षांत क्षमा होऊन गेली होती. त्यामुळे दुःखाचे कोपरे लाटांनी घासलेल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले आहेत. ज्या रात्री ते दुःख घडले त्या रात्री त्याला धार होती, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

तिसरे पुस्तक १९९० चे. आम्ही सेमिनरीत शिकत असताना ते हातोहात फिरत होते, आणि खरे सांगावयाचे तर तेव्हा ते आम्हांला उद्धटपणाचे वाटले होते. साऱ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या पत्नीने इतके परखड लिहावे! रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचा नोंदणी विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत झाला. सुनीताबाई पतीला 'भाई' म्हणतात. घरातली, मित्रमंडळींतली हाक. 'स्वतः'तले लीन होणे त्यात नाही, आणि 'टिळक'मधले गमतीचे अंतरही नाही. बरोबरीच्या माणसाला मारलेली ही हाक आहे. आणि बरोबरीच्या माणसाकडे हिशेब मागता येतो.

'आहे मनोहर तरी...' हा तसा हिशेबच आहे. 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' यांसारखे प्रयोग, लेखन, संगीत, प्रवास, माणसे या साऱ्यांच्या मागचा व्यवहार सुनीताबाईंनी अंगावर घेतला. प्रयोगांची शिस्त, पैशांचा चोखपणा, मुद्रणप्रतींची काळजी, दारावर येणाऱ्यांना नकार देण्याचे अप्रिय काम. भाईंनी द्यावयाचे ते आनंदाने द्यावे म्हणून घरात न देण्याच्या साऱ्या जबाबदाऱ्या त्यांनी उचलल्या. येथे आपला प्रश्न उलटतो. कामात बुडालेला जोडीदार कोण? रंगमंचावर दिसतो तो, की पडद्यामागे दिसत नाही ती? आमच्या पाहण्यात तरी एखाद्या घरात एक माणूस अति काम करतो तेव्हा बहुधा दोघे करीत असतात. एकाचे नाव होते, इतकेच. या पुस्तकाची उणीवही नमूद करावयास हवी. हिशेब इतका काटेकोर आहे की समोरच्याचे उत्तर ऐकू येत नाही. मात्र लेखिका स्वतःच्या हट्टीपणाला व कठोरपणालाही सोडीत नाही. म्हणून हिशेबाचे रूपांतर आरोपपत्रात होत नाही.

आणि या पुस्तकाची सर्वांत मोठी गोष्ट त्याच्या तारखेत आहे. पु. ल. २००० साली गेले. १९९० साली ते हयात होते. रमाबाई व लक्ष्मीबाई यांनी जे लिहिले ते ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना कधीच वाचता आले नाही. सुनीताबाईंनी लिहिलेले भाईंना वाचता येण्याजोगे होते. ज्या धाडसाला आम्ही तरुणपणी उद्धटपणा समजलो, तोच या तिघींतील विवाहाला सर्वांत जवळचा गुण आहे, असे आज आम्हांला वाटते. विवाहात बोलावयाचे ते ऐकणारा समोर असताना बोलावयाचे असते. कबरीपुढे लावलेली मेणबत्ती सुंदर दिसते. पण तिच्या उजेडात कोणी जेवावयास बसत नाही.

कलाकृती म्हणून निवड करावयाची झाली तर आम्ही आजही 'स्मृतिचित्रे'च निवडू. तिच्या तोडीचे आत्मकथन मराठीत विरळा. पण संसारात पडलेल्या माणसाने तिन्ही पुस्तके वाचावीत, आणि एकीचे औषध दुसरीच्या रोगाला देऊ नये. आमच्या हातून तीच चूक झाली होती.

हा विषय केवळ ग्रंथांचा नाही. २०२५ च्या जानेवारीत देशातील एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचे बोलणे सर्वत्र गाजले. आठवड्याला नव्वद तास, रविवारीसुद्धा काम करावे. घरी बसून बायकोकडे किती वेळ टक लावून पाहणार, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. लोकांनी त्यावर पुष्कळ विनोद केले. आमच्या मते त्या प्रश्नाचे गंभीर उत्तर द्यावयास हवे, आणि ते असे : लग्नाच्या दिवशी वेदीपुढे आपण जे वचन देतो ते एकमेकांकडे पाहण्याचेच वचन होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती कुटुंबावरही आपले उद्बोधन प्रसिद्ध केले. ही दोन पत्रे एकत्र वाचावयाची असतात, हे आपण विसरतो.

आणि येथे आम्ही स्वतःलाही सोडू इच्छीत नाही. मार्था व मरिया यांच्यावर प्रवचन देऊन झाल्यावर फेस्ताची समिती, नोव्हेनाची व्यवस्था, पतपेढीची सभा, शाळेचे बांधकाम यांसाठी आम्ही कोणाला हाक मारतो? ज्याला आधीच कामातून फुरसत नाही त्यालाच. कारण काम तोच करतो हे आम्हांला ठाऊक असते. आणि वर्षअखेरीस व्यासपीठावर त्याला शाल घालताना त्याच्या पत्नीला टाळ्या वाजवावयास पहिल्या रांगेत बसवितो. धर्मग्रामानेच ज्या घरातून माणूस उचलून नेला, त्या घराला संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला?

त्या भगिनीला आम्ही पुढे सांगितले की पुस्तक देण्यात आमची चूक झाली. 'स्मृतिचित्रे' दिले, ते त्यांनी ठेवून घेतले. बोलावयाचे ते त्यांनी घरी बोलून टाकले असावे; काय बोलल्या ते आम्ही विचारले नाही, तो त्यांचा संसार आहे. एवढेच कळले की आता हंगामातही सोमवारी त्यांच्या खोल्या पाहुण्यांना मिळत नाहीत. रविवार धंद्याचा, म्हणून त्यांनी सोमवार आपला केला. कर्जाचे हप्ते चालू आहेत, कष्ट संपलेले नाहीत. पण आठवड्यातील एक जेवण समोरासमोर बसून होते.

आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मासळीची वीण होते. ते दोन महिने जाळी ओढीत राहिलो तर पुढच्या वर्षी जाळ्यात येण्यासारखे काही उरणार नाही, हे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या प्रत्येक कोळ्याला समजते. बंदीत नुकसान होते, तरीही होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणावयास घेतली जातात. समुद्राच्या बाबतीत जे आपल्याला समजते ते घराच्या बाबतीतही समजावयास कठीण नसावे. वाचकहो, या पावसाळ्यात होडी वर ओढून झाली की या तीन पुस्तकांतील एखादे घरी आणा, आणि शक्य झाले तर एकाने वाचावे व दुसऱ्याने ऐकावे. रानड्यांच्या घरातली तेवढी एक रीत मात्र जरूर उचलावी. फक्त वाचणारा रोज बदलावा.